गिरडच्या चढावर पिकअपनं दम सोडला

मित्रहो, डोकं भणभणून राह्यलं, म्हणून इथं लिहितो.

सकाळी गिरडच्या चढावर माह्या जुन्या डिझेल पिकअपनं अचानक दम सोडला. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी गाडी रांगतच होती. मागं काळाकुट्ट धूर.

पहिला फोन सुधाकरले केला. लहानपणापासूनचा दोस्त, त्याच्याकडंही अशीच पिकअप आहे. त्याची बंद होती म्हणून परवा कापूस न्याले माही घेऊन गेलता. धुवून, डिझेल भरून परत देल्ली.

"डिझेल फिल्टरात पाणी असन," तो म्हणे. खोलून पाह्यलं, पाणी नाई. "मंग टर्बोचा पाइप फाटला असन." पाइपही धड.

काळा धूर म्हणजे इंजिनले हवा कमी, एवढं मलेही समजते. एअर फिल्टर उघडला, तर आत धुळीनं गच्च भरलेला जुना फिल्टर.

माहा तर याच महिन्यात टाकलेला, नवा. आमच्या घरी गाडीत नवा पार्ट बसवायच्या आधी आई त्याले कुंकू लावते. त्या दिवशी ताट सुधाकरनंच धरलं होतं. या फिल्टरवर कुंकू नाई. आपला जुना टाकून माहा नवा काढून नेला त्यानं.

मागितला असता तर मीच देल्ला असता. पण फोनवर त्यानं मले सगळं पाह्याले लावलं, फक्त एअर फिल्टर सोडून.

उद्या त्याच्या पोरीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा आहे. सामान माह्याच पिकअपनं जाणार, असं ठरलं आहे. तुम्ही असता तर गाडी देल्ली असती का?