सोसायटीच्या दारातला वळणाचा लसूण

एका सकाळी मी आणि गंगाधरअप्पांनी दूध सोसायटीच्या दारातली फुलं मुळासकट उपटली.

वाळली नव्हती ती. भर बहरात होती.

आज अप्पांना जाऊन वर्ष झालं. म्हणून सांगतो.

अप्पा आमच्या गावच्या सोसायटीचे सेक्रेटरी. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, हातात दुधाचं माप, आणि भेटेल त्याला नमस्काराऐवजी "शरण शरणार्थी". मी त्यांच्या हाताखाली दुधाची फॅट बघायचो.

ते दुष्काळाचं साल होतं. दारातला झेंडू जळाला, शेवंती जळाली. निम्मी जनावरं छावणीत, बायका टँकरमागं.

अप्पा एक दिवस म्हणाले, "जी बाई एवढ्या उन्हात किटली घेऊन येती, तिला दारात एक तरी फूल दिसलं पायजे. दुष्काळ पोटाला हाय, डोळ्याला कावून?"

मग त्यांची नजर आमच्या शेतात गेली. बियाण्यासाठी ठेवलेल्या कांद्याला डोंगळे आले होते. सगळं रान करपलेलं आणि त्यात ते पांढरे गोल गोंडे, वर मधमाश्या.

"हेच लावू," अप्पा म्हणाले.

आम्ही सोसायटीच्या दारात कांदे लावले. कॅन विसळलेलं पाणी तेवढं घालायचं.

गाव हसलं. "अप्पा, भजी कधी?"

गोंडे फुलले. आणि आठवडाभरात निम्मे कांदे गायब.

एका म्हातारीला आम्ही पकडलं, तर तीच आमच्यावर तापली. "दुष्काळात कांदा काय बघायला ठिवत्यात व्हय रे?"

अप्पा म्हणाले, "मावशीचं बरोबर हाय. ज्याची भाजी व्हती, ते दारात टिकत न्हाई."

दुसऱ्या खेपेला त्यांनी अंबाजोगाईच्या एका नर्सरीतून लसणाच्या जातीचं रोप आणलं. खाली गड्डी नाही, बारीक पात, वर पांढऱ्या चांदण्या. लई देखणं. पाण्यावाचून तगलं. लोक थांबून बघायला लागले.

पण त्या रोपाला वळण नव्हतं.

त्याचं बी पडलं आणि ते जिथं तिथं उगवलं. फरशीच्या फटीत, नालीत, शेवटी जनावरांच्या पाण्याच्या हौदाजवळच्या गवतात. तिथं सोसायटीत दूध घालणाऱ्या भानुदासची गाय चरली.

संध्याकाळच्या दुधाला लसणाचा वास. ते दूध सगळ्यांच्या दुधात मिसळलेलं. शीतकेंद्रावरून अख्खा कॅन परत आला.

भानुदास दारात उभा राहून ओरडला, "अप्पा, पूजेची फुलं लावायची सोडून हे कसलं याड? गावाचं दूध घालवलं तुमच्या बागंनं."



सभा झाली. सोसायटीच्या आवारात कांदा-लसणाच्या कुळातलं काही लावायचं नाही, असं ठरलं. ठरावाला पहिला हात अप्पांनीच वर केला.

दुसऱ्या दिवशी ती सकाळ. आम्ही दोघं उकिडवे बसून एकेक रोप उपटत होतो. अप्पा हातातल्या फुलाकडं बघत म्हणाले,

"एक पोरगं वाह्यात निघालं म्हणून कुळाला नावं ठेवू नये. ह्याच्या भावकीत वळणाचं एखादं असंलच. तू हुडक."

ते मी मनावर घेतलं.

पुण्याच्या प्रदर्शनातून जांभळ्या मोठ्या गोळ्याच्या फुलाचे कंद आणले. आमच्या उन्हात पानंसुद्धा टिकली नाहीत. थंड मुलखातली जात ती. दुसऱ्या एका जातीला फुलाच्या जागीच बारीक कांदे धरले. ते खाली पडून रुजायच्या आधीच ती जात काढून टाकली.

मग एक मिळालं. फिकट जांभळी फुलं, उंच दांडा. नर्सरीवाला म्हणाला, "लसणाचाच भाऊबंद. पण बी पसरत न्हाई, जाग्यावरच गड्डा धरतो."

विकणारा असं म्हणणारच. मी ते परसात लावलं आणि नुसतं बघत राहिलो. हात धुतलेल्या पाण्यावर ते जगलं. उन्हाळा काढला. पावसाळ्यात आजूबाजूला एकही पिल्लू नाही.

अप्पा काठी टेकत बघायला आले. बोटानं माती उकरली. गोंड्याला हात लावला.

मी म्हणालो, "लावू का सोसायटीत?"

"अजून एक पावसाळा जाऊ दे. घाईत लावलं की परत उपटावं लागतं."

तो पावसाळा संपायच्या आत अप्पा गेले.

त्यांच्या शेतात समाधी दिली. मी बेल वाहिला. हे फूल नाही वाहिलं. लसणाच्या कुळातलं देवाला चालत नाही, आणि अप्पांनाही ते चाललं नसतं. त्यांना ते माणसांसाठी हवं होतं.

गेल्या महिन्यात मी सभेत बंदी उठवायचा विषय काढला. आता चेअरमन कोण? भानुदास.

"दुधाला वास लागला तर?" त्यानं विचारलं.

"घरी येऊन बघा."

तो आला. चष्मा लावून परसभर फिरला. भिंतीच्या कडंनं, नालीत, गोठ्यापाशी. खाली बसून गवत चाचपलं. काही सापडलं नाही.

उठताना म्हणाला, "एक गड्डा मला दे. तुळशीजवळ लावतो."

"तुळशीजवळ नको. गोठ्याजवळ तर नकोच. फाटकाशी लावा."

"अप्पावाणीच बोलायला लागला बे तू."

पुढच्या सभेत बंदी उठली. पहिला हात भानुदासनं वर केला.

आज सकाळी परसातले गड्डे कळ्यांसकट काढले. निम्मी पाटी भानुदासनं उचलली. फाटकापासून पायरीपर्यंत आम्ही ओळ धरली, हौदापासून लांब. सकाळचे कॅन विसळले आणि ते पाणी घातलं.

एक आजी किटली खाली ठेवून थांबल्या. वाकून वास घेतला.

"लसूण हाय व्हय रे?"

"लसणाच्या घरचं हाय, आज्जी. पण फूल हाय."

"चांगलं दिसतंय," म्हणाल्या, आणि दूध घालायला आत गेल्या.

अप्पा, तुम्ही सांगितला तेवढा पावसाळा जाऊ दिला. वळणाचं सापडलं.

आज तुमच्या दारात लावलं. आता उपटायचं काम नाही.

तुम्हाला शरण शरणार्थी.