कनेक्शनच्या वेळचा चहा

सुनंदाच्या हातून जळली म्हणून जी मोटर गावोगावच्या शेतकऱ्यांना ठाऊक झाली, ती तिने जाळली नव्हती. ती मी जाळली, आणि तेव्हा मी तिच्यापासून दहा हात लांब खुर्चीवर बसलो होतो. हे आजवर मी बायकोलाही सांगितलेलं नाही. सरांबद्दल लिहायचं आणि हे गाळायचं, असं दोनदा करून पाहिलं. जमलं नाही.

सर कुणाच्याही वर्कशॉपमध्ये चहा प्यायचे नाहीत. आमच्या आदिलाबादकडे चहाला नाही म्हणणं म्हणजे माणसालाच नाही म्हणणं. मावला गावात माझं मोटर वाइंडिंगचं, म्हणजे जळक्या मोटरीत नवी तार भरायचं, दुकान आहे. सर पहिल्यांदा आले तेव्हा मी चहा सांगायला उठलो, तर ते उभ्याउभ्याच म्हणाले, "मिस्त्री, घरी बोलवा, दोन कप पितो. इथं नाही." वाटलं, माणसाला गर्व आहे. आम्ही सगळे मिस्त्री त्यांना 'बिनचहाचे सर' म्हणू लागलो. त्यांना ते कळलं होतं. फोनवर स्वतःच सांगायचे, "मी बिनचहाचा बोलून राह्यलो."

ते सरकारी ट्रेनिंग सेंटरात शिकवायचे. सरकारने त्यांना काही महिने जर्मनीला पाठवलं होतं, तिथे कामगार कसे घडवतात ते बघायला. दुसऱ्या कुणी तिथून घड्याळ आणलं असतं. सर तिथून आले ते पायाला भिंगरी लावून. खुर्ची दिली तरी बसायचे नाहीत. बोलता बोलता दुकानभर फिरायचे, पाना उचलायचे, भलत्याच जागी ठेवायचे. "तिकडं पोरगं दोन दिस शाळेत शिकते, बाकीचे दिस उस्तादाजवळ. अन् शिकवाचं असंल तर उस्तादालेही आधी परीक्षा द्या लागते."

"म्हंजे आमी बी द्याची का परीक्षा? या वयात?" एका मिस्त्रीने टोमणा मारला.

"द्या ना. नापास झाले तर घरी नाही सांगत."

पण तिकडचं जसंच्या तसं इथे लादणारा तो माणूस नव्हता. बाजाराच्या दिवशी खेड्यांतून जळक्या मोटरी बैलगाडीतून, ऑटोतून येतात. त्या दिवशी दुकानात हात कमी पडतात. म्हणून सरांनी पोरांचे सेंटरातल्या शाळेचे दिवस बाजार सोडून ठेवले; बाकीचे दिवस पोरं आमच्या दुकानांत. "जर्मनीत आपला बाजार नाही भरत," असं म्हणून हसायचे आणि हसता हसता रस्त्याला लागलेले असायचे.

सुनंदाला त्यांनीच आणलं. इंद्रवेल्लीजवळच्या खेड्यातली, बारावी झालेली, कापूस-ज्वारीवाल्या घरातली पोरगी. मी म्हणालो, "सर, पोरगी? वाइंडिंगले?"

"तांब्याच्या तारेले काय समजते, हात कोनाचा हाये ते?"

तिचा हात चांगला होता. तारेखाली घालायचा कागद नेमका कापायची, कॉइल अशी बसवायची की वरून हात फिरवला तरी तार बोटाला लागू नये. राहिलं होतं फक्त कनेक्शन; सेंटरात ते फळ्यावर दाखवायचे, हाताखालून जायचं ते उस्तादाजवळच. सगळ्या कॉइलची टोकं बरोबर क्रमाने एकमेकांना जोडायची. मोटरचा जीव त्यात. एक टोक उलटं लागलं की मोटर फिरत नाही, नुसती घुमते आणि जळते. आणि कनेक्शनची वेळ झाली की मी म्हणायचो, "सुनंदा, चहा आण."

ती केटली घेऊन परत यायची तोवर टोकं जोडून, वर स्लीव्हची नळी चढवून झालेली असायची. एकदा म्हणाली, "काका, काऊन तुमाले बरोबर याच टायमाले चहा लागते?" मी हसण्यावारी नेलं. माझ्या उस्तादाने मला हेच केलं होतं. मी ते दाराच्या फटीतून चोरून शिकलो. पूर्ण शिकलेला हात उद्या समोरच दुकान टाकेल, ही भीती आम्हा सगळ्यांनाच. मी ती सरांना बोलूनही दाखवली होती.

"टाकू द्या," सर म्हणाले होते. "एका गल्लीत दोन दुकानं झाली तर गिऱ्हाईक तिसऱ्या गावाहून येते." मग चालता चालता थांबले. "हैदराबादेत मी तीन वर्सं एका उस्तादाजवळ होतो. कनेक्शन आलं की मले चहाले पाठवे. तीन वर्सांत मी चहावाल्याचा धंदा शिकलो. आपल्याकडं हुन्नर शिकवत नाहीत, चोरायले लावतात. कनेक्शन मले परक्या मुलखात, परक्या माणसानं शिकवलं. माहा हात धरून." त्यांच्या चहाचं कोडं तेव्हा सुटलं. मी मान हलवली, आणि दुसऱ्या दिवशी सुनंदाला चहाला पाठवलं.

तेवढ्यात जिल्ह्याचे चार जिल्हे व्हायचे ठरले. नवं राज्य होऊन फार दिवस झाले नव्हते, त्यात हे. ऑफिसांतली कपाटंसुद्धा वाटली जात होती; ज्याला त्याला एकच प्रश्न, आपली खुर्ची कुठे जाणार. सरांची झोप उडाली होती, ती दुसऱ्याच कारणाने. सेंटरच्या अंगणात त्यांनी उघडी परीक्षा ठेवली. पोरांनी साहेबांसमोर, गावच्या मिस्त्री-शेतकऱ्यांसमोर मोटर बांधायची, सुरू करून दाखवायची. ती फिरली, तर चारही जिल्ह्यांत ही पद्धत चालू राहणार होती. सर्वांत आधी नाव सुनंदाचं.

आदल्या दुपारी सर दुकानात आले. "मिस्त्री, कनेक्शन येते ना तिले?"

"येते," मी म्हणालो.

अंगणात तिने सगळं सुरेख केलं. कनेक्शनशी आली तेव्हा तिने एकदाच माझ्याकडे पाहिलं. मी पायातल्या चपलेकडे बघत राहिलो. बटण दाबलं. मोटर घुमली, थरथरली, फिरली नाही. मग वार्निश जळल्याचा तो वास आला. एक साहेब हसून म्हणाला, "क्या सर, जर्मनी में भी ऐसाच जलता क्या?" अंगण हसलं.

सर हसले नाहीत. माझ्यापुढे येऊन उभे राहिले. "मिस्त्री, तुमी तिचे उस्ताद. तुमीच सांगा, काय झालं?"

त्यांनी मला संधी दिली होती, हे तेव्हाही कळलं होतं. मी सगळ्यांच्या देखत म्हणालो, "हात कच्चा हाये पोरीचा."

सुनंदा हत्यारं पुसून पेटीत ठेवू लागली. पद्धत तिथेच गुंडाळली गेली. सरांची बदली आसिफाबादकडच्या नव्या जिल्ह्यात झाली.

जायच्या दिवशी सर माझ्या दुकानात आले. बरोबर सुनंदा. बाकावर एक मोटर कनेक्शनसाठी तयार होती. सर आयुष्यात पहिल्यांदा माझ्या स्टुलावर बसले आणि म्हणाले, "मिस्त्री, चहा पाजा."

मी कुणाला पाठवावं म्हणून इकडेतिकडे पाहिलं. "तुमीच जा," सर म्हणाले. "अन् घाई नको. ताजा टाकायले सांगा."

केटली हातात घेऊन मी टपरीवर उभा राहिलो. माझ्याच दुकानात कनेक्शन चाललं होतं, आणि मी बाहेर. परतलो तेव्हा मोटरच्या आतल्या कडेने खडूचे बाण काढलेले होते, एकेका टोकाशी एकेक, आणि शेवटचं टोक सुनंदा स्वतः जोडत होती. सर नुसते बघत होते. मोटर लावली. फिरली. सरांनी कप रिकामा केला. "चहा चांगला होता," म्हणाले आणि निघाले. रागाचा एक शब्द नाही. असता तर बरं झालं असतं.

गेल्या पावसाळ्यात सर वारले. त्यांना काही सांगायचं राहिलं नाही. त्यांना सगळं ठाऊक होतं.

सुनंदाचं उटनूरला दुकान आहे. तिची मोटर जळत नाही. तरी बाजाराच्या दिवशी कुणीतरी दारात थबकून विचारतोच, "थेच ना हे, साहेबांसमोर मोटर जाळणारी?" आणि मोटर ऑटोत टाकून मावल्याला माझ्याकडे येतो. मी ती घेतो.

दोनदा तिच्या दुकानासमोरून जाऊन आलो. दुसऱ्या खेपेला तिने पाहिलं आणि हाक मारली, "काका, या ना, चहा घ्या." मी थांबलो नाही.

हात कच्चा नव्हता, मी शिकवलं नव्हतं. हे मला बाजाराच्या दिवशी, तिच्या दुकानासमोर, लोकांच्या देखत बोलायचं आहे. ते मी अजून बोललेलो नाही.