आधी छत, मग माणसं

हॉलमध्ये शिरले की काका आधी वर पाहायचे. समोरून कोणी जयभीम केला तर उत्तर द्यायचे, पण मान वरच. गळ्यात कॅमेरा, त्यावर फ्लॅश, तोंड अर्धं उघडं. पाहणाऱ्याला वाटावं, पंखा पडतो की काय! विचारलं की म्हणायचे, "आधी छत पाहू द्या, मग माणसं पाहू."

जबलपुरात आमच्या समाजात लग्न असो, जयंती असो की बारसं, फोटो हेच काका काढत. ओमती भागात त्यांचं छोटंसं फोटोचं दुकान होतं. त्यांचं शास्त्र एवढंच, की फ्लॅश तोंडावर मारायचा नाही, पांढऱ्या छतावर मारायचा. उजेड वरून सावकाश उतरतो आणि माणूस माणसासारखा दिसतो. "तोंडावर टॉर्च मारून चोर पाहतात, नवरदेव नाही," हे ते दर लग्नात सांगत आणि दर लग्नात स्वतःच हसत. असा एखादा हट्टी तुमच्याही ओळखीत असेलच.

आता माझ्या ताईचं सांगते. ताई राइट टाउनच्या एका शाळेत गणित शिकवायची. हुशार, फटकळ आणि रंगाने काळी. सावळी-बिवळी नाही, काळी. एका स्टुडिओवाल्याने तिला फोटोत पिठासारखी पांढरी केली. तो फोटो पाहून सिवनीचं एक घर आलं. ताई चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली, तर मुलाची आई तिच्या मागे दाराकडे पाहत म्हणाली, "अन् पोरगी?"

त्या दिवसापासून ताईने फोटोचं नावच टाकलं. जबलपुरातल्याच गोरखपूर भागातल्या मोठ्या हॉलमध्ये समाजाचा वधू-वर मेळावा होता, तिथे आईने हातापाया पडून तिला आणलं. "हा शेवटचा," ताईने बजावलं. "अन् मी आहे तशी फोटोत आली नाही, तर लग्नाचा विषय बंद." आईने काकांना सगळं आधीच सांगून ठेवलं होतं.

काकांनी हॉलमध्ये येऊन वर पाहिलं आणि ओरडलेच. कार्यकर्त्यांनी मोठ्या हौसेने अख्खं छत निळ्या कापडाने मढवलं होतं.

"अध्यक्षजी, हे काहून लावलं?"

"काहून म्हणजे? आपला रंग आहे!"

"आपलाच आहे हो! पण झेंड्यावर पाहिजे, पोरांच्या तोंडावर नाही."

अध्यक्ष कसले ऐकतात! मेळावा सुरू झाला. काढलेला फोटो लगेच मोठ्या पडद्यावर दिसायचा. पहिला मुलगा रेल्वेतला, चांगला गोरागोमटा. पडद्यावर आला तो निळाशार. त्याची आई ताडकन उभी राहिली, "अवो, माह्या पोराले काय झालं?"

अध्यक्षांनी हुकूम सोडला, "सीधा मारो, भैया!" काकांनी नाक मुरडलं आणि फ्लॅश सरळ मारला. पुढची सगळी मुलं-मुली चुना फासल्यासारखी आली. अध्यक्ष खूश. "पहा, कसे सगळे गोरे आले!"

हे ऐकलं आणि ताईने पर्स उचलली. "चला घरी." आईचा चेहरा एवढासा झाला. मला रडूच आलं, कारण ताई एकदा उठली की उठली.

"ओ बाई, बसा!" काका स्टेजवरून ओरडले. "जरासा टाइम द्या मले!"

ते हॉलभर काहीतरी पांढरं शोधत फिरले. भिंती पिस्ता रंगाच्या, टेबलावरच्या चादरी फुलाफुलांच्या. मग त्यांची नजर गेली महिला मंडळावर. वंदनेला आलेल्या आमच्या बायका, रिवाजाप्रमाणे पांढऱ्याशुभ्र साड्यांत, भज्यांच्या प्लेटा घेऊन बसल्या होत्या.

"चलो, सगळ्या स्टेजवर! चिकटून उभ्या राहा. पदर पसरा!"

बायकांनी केस सारखे केले, हसून उभ्या राहिल्या. काकांनी ताईला समोर बसवलं, कॅमेरा धरला तिच्याकडे आणि फ्लॅशचं तोंड तेवढं बायकांकडे वळवलं.

"अजी, आमचा फोटो काहून नाही काढून राहिले?"

"तुम्ही भिंत आहा, मावशी. भिंत बोलत नसते. अन् ते भजं खाली ठेवा, उजेड तेलकट होते!"

ताईला हसू फुटलं. तेवढ्यात लख्ख उजेड पडला.

पडद्यावर ताई आली. काळी, तजेलदार, हसताना पुढे येणाऱ्या दातासकट. आमची ताई! आई म्हणाली, "हे माही पोरगी," आणि पदराने डोळे पुसायला लागली. मग काय, ज्याला त्याला भिंतीजवळच फोटो पाहिजे. महिला मंडळ जेवणं होईपर्यंत उभं. पाय दुखले म्हणून अध्यक्षांना त्यांनी किती बोलून घेतलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्या फोटोवरून बालाघाटचं घर आलं. ताई चहा घेऊन बाहेर आली. मुलगा उठून उभा राहिला आणि म्हणाला, "मी तर दारातच ओळखलं."

लग्न ठरलं. "हॉल मी पसंत करीन," काकांनी सांगून टाकलं. आणि लग्नाच्या आधीच, दुकानात बसल्या जागी, प्राण सोडला. मला अजून त्यांचा राग येतो. असं कोणी जातं का!

लग्नाला दुसरे फोटोवाले आले. मोठाले दिवे, ड्रोन, सगळा थाट. अल्बम जाडजूड, चकचकीत. ताईने तो पलंगाच्या पेटीत टाकलाय आणि बैठकीच्या भिंतीवर मेळाव्यातला एकटीचा फोटो लावलाय. आल्यागेल्याला प्रश्न पडतोच.

"लग्नाचा नाही लावला?"

"लग्नाला काका नव्हते," ताई म्हणते. "म्हणून त्या फोटोंत मीही नाही."