माझी माय तुमचा इम्पॅक्ट नाही

"नवं लुगडं कशाला नेसवलंस? कोळीण वाटली पाहिजे ना. आणि जाळं कुठाय?"

कॉलेजच्या व्हरांड्यात, सगळ्यांसमोर सर मला विचारत होते. माय बाजूलाच उभी. आम्ही ढिवर, तलावात मासे धरणारे; कोळी नाही. पण तिला कोण विचारतं?

मी घरातली पहिली ग्रॅज्युएट. पुढे एमएस्सी. सरांच्या संशोधन गटात करारावर प्रोजेक्ट असिस्टंट. गटाचा पेपर कुठल्या जर्नलमध्ये आला, जगात कोणी कोणी त्याचा आधार घेतला, हे शोधून कॉलेजच्या वेबसाइटवर टाकायचं, हे माझं काम. परदेशात कोणी गटाचं नाव घेतलं की सर पेढे वाटायचे.

पेपर होते आमच्याच तलावावर. कुरखेड्याकडचा तलाव, बेशरमच्या झुडपांनी गिळलेला. झुडपं काढली की मासे परततात, असं पेपरात छापलं. एक कोपरा साफ केला, फोटो काढले, गट निघून गेला. बेशरम पुन्हा माजली. मासे आलेच नाहीत. बाप आता घुग्घुसला सिमेंटच्या पोत्यांची हमाली करतो.

आता कॉलेज तपासायला बाहेरून समिती आली होती. तिला नुसते पेपर पुरत नव्हते. संशोधनानं ज्याचं भलं झालं, असं माणूस समोर हवं होतं; त्यांच्या भाषेत 'इम्पॅक्ट'. सर मला आधीच म्हणाले होते, "तुझी आई आहे ना. तुझं रिन्यूअल तोंडावर आलंय, लक्षात ठेव."

आदल्या रात्री मायनं चुलीपुढं वाक्य पाठ केलं. "सायेबाच्या संशोधनानं मासे वाढले." म्हणता म्हणता हसायची. "कोणते मासे वं पोरी? मले तं दिसून नाई राह्यले." मग लाकूड चुलीत सारायची. "जाऊ दे. तुही नोकरी राह्यली पायजे. म्हणून टाकतो मी."

व्हरांड्यात आता लुगडं बदलायला वेळ नव्हता. प्रयोगशाळेतलं जाळं आणून सरांनी तिच्या नव्या लुगड्यावर टाकलं. खटाखट फोटो निघाले.

आत समितीपुढं आम्हाला बसवलं. सर म्हणाले, "बोला आजी."

माय पन्नाशीचीही नाही. तिनं तोंड उघडलं. शब्द फुटेना. माझ्याकडं पाहू लागली. सर समितीकडं वळून हसले, "अडाणी आहेत, घाबरतात. मीच सांगतो."

मायनं हात जोडले. त्या लोकांची माफी मागत होती ती. खोटं बोलता आलं नाही म्हणून.

मी उठले. तिच्या खांद्यावरचं जाळं काढलं, टेबलावर टाकलं.

"हे माही माय आहे. आमच्या तलावात मासे नाईत. तुमचे पेपर वाढले सर, मासे नाई वाढले."

कोणी ओरडलं नाही. एक साहेब म्हणाले, "नोंद घेऊ." चहा आला.

माझं रिन्यूअल झालं नाही. त्या दिवशी गावात उतरल्यावर माय एवढंच म्हणाली, "काऊन बोललीस वं? मी म्हणत होतो ना." त्यानंतर ती माझ्याशी धड बोललेली नाही. जिथं अर्ज करावा तिथं सरांचे ओळखीचे. एकाही ठिकाणाहून बोलावणं नाही. घरात मीच एक शिकलेली, मीच एक रिकामी.

वेबसाइटवर मात्र माय आहे. जाळ्यासकट. खाली लिहिलंय, 'संशोधनाची लाभार्थी'.

परवा सरांचा निरोप आला. माफीचा मेल टाक, परत घेतो.

नाही टाकणार. उपाशी राहीन, टाकणार नाही. कोणत्या जर्नलनं तो पेपर छापला, कोणी कोणी तो खरा मानला, एकूण एक मला ठाऊक आहे. आज तलावाचे फोटो काढून आणले. एकेकाला पाठवणार आहे. खाली माझं नाव लिहून.