रशियाच्या पाहुण्याची चौकशी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मी सांगत असताना कोणी हसलेलं मला चालत नाही. चहा हातात घ्या आणि गप्प बसा.

तर मी एका माणसाच्या मागे लागलो होतो. त्याला हाणून पाडायचं, एवढंच डोक्यात. कोण माणूस? सांगतो. घाई कशाला?

आमचं शेत नांदगाव खंडेश्वरजवळ. नातू मंगेश ते करतो. ते दिवस आठवा. पेपर उघडला की शेतकऱ्याची वाईटच बातमी. मुलीचे बाप 'शेती' एवढं ऐकलं की पाणी न पिता उठायचे. शिपाई चालेल, शेतकरी नको! मंगेशला अशी बरीच घरं नाही म्हणाली. पोरानं दाढी करणंच सोडलं.

मग अकोल्याचं स्थळ आलं. मुलगी वैशाली, कॉलेजात शिकवणारी. आणि म्हणे, शेतकरी चालेल! माझा विश्वास बसेना. पाहण्याचा दिवस ठरला होता, पण घर पाहायचं तर आमच्यात आधी न सांगता जातात. सांगून गेलं की पडदेसुद्धा धुतलेले असतात. मी घरी म्हटलं अमरावतीला चाललो, आणि गाडी धरली अकोल्याची.

भर दुपारी पोचलो. मुलीच्या वडलांनी, विनायकरावांनी, मला बसवलं आणि बर्फ आणायला पळाले. आतल्या खोलीत मुलगी कॉम्प्युटरसमोर बसून फोनवर कोणाला तरी वाचून दाखवत होती. कूलरचा आवाज एवढा, की ती ओरडूनच बोलत होती. ऐकायचं नव्हतं मला. पण कान काय काढून ठेवू?

"वडील धान्याचे व्यापारी. समाज ज्यू. शिक्षण अर्धवट. वास्तव्य रशियात..."

माझ्या हातातला पेला तिथंच थांबला. बाप, समाज, शिक्षण... अहो, हा तर बायोडाटा! म्हणजे दुसरं स्थळ! आणि तेही रशियाचं! आमच्याकडची किती पोरं डॉक्टरकी शिकायला रशियात जातात, माहीत आहे ना? डॉक्टरपुढे माझा मंगेश काय टिकणार? 'शिक्षण अर्धवट' म्हणजे नापास झालेला दिसतो, एवढाच धीर.

ज्यू ही कोणती जात, मला ठाऊक नव्हतं. विचारलं असतं तर तिथंच सगळं मिटलं असतं. पण चौथी शिकलेला मी, कॉलेजातल्या मुलीला विचारू? नाही.

ती बाहेर आली. पाया पडली. म्हणाली, "आबाजी, तुमी ऐकलं ना आता? कसं वाटलं, सांगा. तिऱ्हाईत मानसानं तपासल्याबिगर हे पुढं जात नाई."

धन्य मुलगी! एक स्थळ दुसऱ्या स्थळाच्या आजोबाकडून तपासून घेते!

"आनखी वाच," मी म्हणालो.

तिनं वाचलं. मी डोळे मिटून ऐकलं. मग विचारलं, "स्पष्ट सांगू?"

"स्पष्टच सांगा."

"मानूस बरा नाई."

"अगं बाई! काहून?"

"काहून म्हंजे? बापाचा धंदा सोडून पयाला. एक बायको असतांना दुसरी केली. जेलात जाऊन आला. आन् करते काय, तं कविता!"

"कविता नाई आबाजी, कथा."

"मंग तं संपलंच."

ती हसायला लागली. "पन लय मोठा मानूस हाये."

"जमीन किती हाये?"

"ज्यू लोकायले तिथं जमीन घेऊच देत नव्हते."

"काहून?"

"ज्यू म्हनून. दुसरं कारन नाई."

माणसाला जमीनच घेऊ द्यायची नाही? त्याची दया आली मला. पण मंगेशची दाढी आठवली आणि दया गिळली.

"आता हे जाईन कुठं?"

"ऑनलाइन विश्वकोशात. तिथं सगळ्यायची माहिती असते. आज टाकलं की सारं जग पाहीन."

विश्वकोश हे वधू-वर मंडळाचं नाव आहे, हे मी लगेच ओळखलं.

"आज टाकू नको," मी आवाज चढवला. "नाव लिहून दे कागदावर. अमरावतीत रशियात शिकलेला डॉक्टर हाये वळखीचा. मी चौकशी करतो."

मुलीचा चेहरा उजळला. "खरंच? मले पुरावेच पाहिजेत! थांबा ना आबाजी, शेवट राहिला."

"शेवट मले दिसून राहिला," म्हणून मी नावाचा कागद खिशात घातला आणि उठलो. बर्फ घेऊन आलेले विनायकराव दारात तसेच उभे.

अमरावतीला डॉक्टर शेखच्या दवाखान्यात रांगेत बसलो. नंबर आला.

"क्या तकलीफ है चाचा?"

"ये माणूस तकलीफ हाये," म्हणून मी कागद पुढे केला. "रशिया में रहता. बताव कैसा है. लडकी का मामला है."

डॉक्टरनं कॉम्प्युटरवर पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा कॉम्प्युटरवर.

"चाचा, ये तो राइटर था. मेरे अब्बा पैदा हुए, उसके पहले ही गुजर गया."

डॉक्टरनं न विचारता माझं बीपी पाहिलं.

घरी अक्षर काढलं नाही. पाहण्याच्या दिवशी आम्ही अकोल्याला गेलो. मंगेश दाढी करून, मान खाली घालून बसलेला. पोहे आले. आणि त्या मुलीनं सगळ्यांदेखत विचारलं, "आबाजी, चौकशी झाली?"

"झाली."

"काय समजलं?"

"वारले."

वैशालीच्या आईच्या हातात पोह्यांची बशी तशीच. "कोन वारलं जी?"

विनायकराव उठूनच उभे राहिले. "सुतक असन तं आज बोलनी नाई होऊ शकत. आधी सांगाचं ना राजेहो!"

"आबाजी, कोन?" मंगेशचा चेहरा पांढरा पडला. आलेलं घर पुन्हा चाललं, हेच त्याच्या डोळ्यांत.

आता काय करता? सांगितलं. न सांगता येऊन गेलो इथपासून बीपीपर्यंत. मान खाली घालून सांगितलं. जन्मात पहिल्यांदा.

आधी वैशाली हसली. ओढणी तोंडात कोंबली तरी थांबेना. मग मंगेश हसला. कित्येक महिन्यांनी हसला पोरगा! दोघं एकमेकांकडे पाहून हसत सुटली आणि मोठ्या माणसांना बोलणी करायला काही उरलंच नाही.

"मले पसंत हाये," डोळे पुसत वैशाली म्हणाली. "पन एक अट. आबाजीनं शेवट ऐकाचा. मागच्या टायमाले मरनाच्या आधीच उठून गेले."

ऐकला. परमुलखात, बर्फात, औषधावाचून गेला बिचारा. मातीला घरचं कोणी नव्हतं. हाणून पाडायला निघालो होतो मी त्याला, आणि नातवाचं लग्न ठरलं त्या बैठकीत त्याच्यासाठीच डोळे पुसत होतो. लोकांना वाटलं, म्हातारा आनंदानं रडतो.

आता वैशाली आमच्या घरात आहे. नवीन कोणाचं चरित्र लिहिलं की आधी मला वाचून दाखवते. "ऐका आबाजी. जन्म..."

"जन्म राहू दे," मी म्हणतो. "मेला का जिवंत हाये, ते पयले सांग."