सही आमचीच राहील

गेल्या दसऱ्याच्या सकाळी आमच्या शहरातल्या देवास गेटजवळ आम्हीच रंगवलेल्या भिंतीवर आम्हा चित्रकारांच्या सह्यांना चुना फासला गेला. फासणारे तेच, ज्यांनी फ्रीगंज भागातल्या हॉलमध्ये, इथल्या एका मंडळाच्या आणि एका कलासंस्थेच्या संयुक्त प्रशिक्षणात, आम्हाला बजावलं होतं की व्यावसायिक कलाकार सही केल्याशिवाय काम सोडत नाही. आता सह्यांच्या जागी मंडळाचा आणि संस्थेचा लोगो होता. मी जाब विचारला तर प्रशिक्षणाचे आयोजक काका हसले, "अगं, ती भिंत म्हणजे तुमचा सराव होता! सर्टिफिकेट मिळालं ना, और क्या चाहिए?"

"आमचं नाव," माझ्यासोबत शिकलेली ताई म्हणाली आणि त्यांच्यादेखत तिनं लोगोवरच सही ठोकली. मीही ठोकली.

चुन्याची बादली पुन्हा येईल. तुम्ही रोज तिथूनच जाता. नुसते बघत उभे राहू नका, फासणाऱ्याचा हात धरा.