नाली साफ आढळली

गावाचं नाव सांगत नाही. तिथं अजून आमची माणसं राहतात आणि त्यांना त्याच नगरपालिकेकडून दाखले घ्यायचे असतात. जालन्याहून मोटारीनं दोन-अडीच तासांवर होतं, एवढं पुरे.

आमच्या गल्लीतली नाली दारासमोरून वाहायची आणि चार पावलांवर, आडापाशी, तिची फरशी खचली होती. वरच्या अंगाची सगळी घाण तिथं तुंबायची, आमच्या उंबऱ्यापर्यंत पसरायची आणि आडाच्या कठड्याखाली मुरायची. त्या आडाचं पाणी आख्खी गल्ली पीत होती. माझी मुलगी तेव्हा चार वर्षांची. एका उन्हाळ्यात तिला तीनदा जुलाब-उलट्या झाल्या आणि तिसऱ्या वेळी जालन्याच्या दवाखान्यात न्यावं लागलं. कुठलं पाणी पिता, हे ऐकल्यावर डॉक्टर एवढंच म्हणाले, "बाई, आता पुन्हा अशी वेळ येऊ देऊ नका. पोरीत ताकद उरली नाही." मी पाणी उकळून देत होतेच. पण खेळता खेळता ती आडावर कुणाच्याही घागरीला तोंड लावायची. कुठवर राखणार?

आमचा मुलूख तेव्हा नुकताच मुंबई राज्यात गेला होता. त्याआधी तक्रार करायची म्हणजे कचेरीपुढच्या अर्जनवीसाकडून उर्दूत लिहून घ्यावी लागे. आता मराठीत अर्ज चालू लागले. मी सातवी शिकलेली. म्हटलं, आता बघतेच यांच्याकडे. लोक नगरपालिकेला अजून बलदियाच म्हणत आणि ते काही चुकीचं नव्हतं, कारण पाटी तेवढी बदलली होती, टेबलं तीच होती.

अर्ज दिल्यावर दीड महिन्यानं शिपाई दारात आला. "उद्या सकाळी साहेब मौका पाहायला येणार हायेत. घरी राहा."

तक्रार आली की मौका पाहायचा, म्हणजे जागेवर येऊन खात्री करायची, पंचनामा लिहायचा, त्यावर शेजारच्या चौघांच्या सह्या घ्यायच्या, अशी रीत होती. ऐकायला किती शहाणपणाची! माझ्या सासूबाईंना मात्र त्यातलं एकच कळलं. उद्या दारात पाहुणा येणार.

पहाटे बाहेर येऊन पाहते तर सासूबाई पदर खोचून, हातात फावडं घेऊन नालीत उतरलेल्या. शेजारच्या तिघीजणी खराटे घेऊन मदतीला. घाण उपसून लांब नेऊन टाकलेली. खचलेल्या फरशीवर कुणाच्या तरी परसातला धुण्याचा दगड आणून बरोबर बसवलेला. आंघोळ करून येऊन सासूबाईंनी शेणाचा सडा घातला आणि वर रांगोळीसुद्धा काढली. मी कपाळाला हात लावला.

"आत्याबाई, अहो काय करून राह्यल्या तुम्ही हे? साहेब घाणच पाहायला येऊन राह्यलेत!"

"मंग काय घाणीत उभा करू त्याला?" त्या म्हणाल्या. "उद्या चार लोकांत म्हणंल, त्या बाईच्या दारी गेल्तो तर नाक धरावं लागलं. न्हाई बाई, आपल्याच्यानं न्हाई व्हायचं."

साहेब आले. बाजेवर बसले, चहा प्याले, रांगोळी ओलांडून नाली पाहिली. मी पदर सावरून सांगत होते, की हे सगळं आज पहाटेचं आहे, तो दगड उचलून बघा. साहेब हसले. "बाई, जे डोळ्यांना दिसतं तेच मला लिहावं लागतं." आणि त्यांनी लिहिलं: मौका पाहिला, नाली साफ आढळली, तक्रारीत तथ्य नाही. खाली चौघांच्या सह्या. त्यांतल्या दोघांच्या घरी पोरं तापानं पडलेली होती! नंतर विचारलं तर म्हणतात, एवढा मोठा माणूस कलम पुढं करतो, त्याला नाही कसं म्हणावं? आणि या सगळ्यांच्या वरती, काळाभोर, ठसठशीत, माझ्या सासूबाईंचा अंगठा.

आठवड्यात दगड खचला आणि घाण पुन्हा उंबऱ्याशी आली.

मी दुसरा अर्ज दिला. पुन्हा शिपाई, पुन्हा पहाटे फावडं. या खेपेला तर चहाबरोबर पोहेही झाले. मी आधी हात जोडले होते, भांडले होते, नातीची शपथ घातली होती. सासूबाई मान हलवत, "बराबर हाय तुझं," म्हणत आणि बिलकुल ऐकत नसत. त्याच नातीला मांडीवर घेऊन रात्र-रात्र बसणारी ही बाई! मला त्यांचा असा संताप यायचा की भांडी आपटून आपटून पोचे पडले. आमचे हे म्हणाले, "सोड ना आता. बलदियाच्या नादी लागून कुणाचं भलं झालंय?" साहेबांनी या वेळी एक ओळ वाढवली होती: अर्जदार बाईस खोट्या तक्रारी करण्याची सवय दिसते.

तिसरा अर्ज मी रागारागानंच लिहिला. या खेपेला शिपाई आला तेव्हा सासूबाई मारुतीला गेल्या होत्या. "घरात सांगा सगळ्यांना," तो म्हणाला. मी हो म्हटलं आणि कुणालाच सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी साहेब गल्लीत शिरले आणि आडापाशीच त्यांचा बूट घोट्यापर्यंत काळ्या चिखलात गेला. आवाज ऐकून सासूबाई बाहेर आल्या. हात पिठाचे, दारात डबकं, वर डास, आणि डबक्याच्या पलीकडे नाकाला रुमाल लावलेला पाहुणा. सासूबाईंनी बसा म्हटलं नाही, चहाचं विचारलं नाही. डोक्यावरचा पदर पुढं ओढून आत गेल्या, त्या साहेब जाईपर्यंत बाहेर आल्या नाहीत.

"तुला ठावं व्हतं," दुपारी त्या म्हणाल्या.

"सांगितलं असतं तर तुम्ही साफ केली असती."

"केलीच असती."

त्यानंतर पंधरा दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. मला वाईट वाटलं का? वाटलं. पण त्याहून जास्त राग आला, की एवढ्या साध्या कामासाठी मला घरातल्याच म्हातारीशी दगाबाजी करावी लागावी.

नाली मात्र दुरुस्त झाली. गवंडी आले, नवी फरशी बसली, आडाचा कठडा सिमेंटनं बांधून काढला. मुलीला पुन्हा तसा आजार झाला नाही. मागोमाग शिपायानं निकालाचा कागद आणून दिला. सासूबाईंनी मौन सोडलं ते तेव्हा.

"माह्या दाराचं काय लिव्हलंय?"

लिहिलं होतं ते असं: सदर घरातील माणसांस स्वच्छतेची सवय नाही, त्यांस समज द्यावी, नाली दुरुस्त करावी. मी घसा साफ केला आणि वाचलं, "सदर घराचं दार स्वच्छ आढळलं. दोष नालीचा आहे, ती दुरुस्त करावी."

"कुठं लिव्हलंय? दाखव."

मी त्यांचं बोट धरून त्याच ओळीवर टेकवलं. त्यांनी कागदाची घडी घातली आणि देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवली. पुढं कुणी पाहुणा आला, नालीचा विषय निघाला, की त्या कागद काढून बरोबर त्या ओळीवर बोट ठेवायच्या. येणाऱ्या बायकांपैकी कुणाला वाचता येत नव्हतं, हे माझं नशीब.

तीन वर्षांनी मुलगी तिसरीत गेली. दिसेल ते मोठ्यानं वाचायची. एकदा माझी नणंद आली होती, सासूबाईंनी कागद बाहेर काढला आणि पोरीनं तो ओढून घेतला. मी चुलीपाशी होते. उठेपर्यंत तिनं अक्षर-अक्षर लावत ती ओळ पुरी वाचली होती. नणंदेनं आईकडं पाहिलं. सासूबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मग कागद घेऊन पुन्हा त्याच घडीवर घडी घातली.

"चुकीचं वाचलंस तू," त्या नातीला म्हणाल्या. "तुह्या मायला बराबर वाचता येतं. तिला इचार."

पोरगी माझ्याकडं वळली.